माशांना देवी काढतात त्याची गोष्ट

 

माशाला लस टोचतात, असं मी म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. कोंबडीला राणीखेतची लस टोचतात हे गावात पोरालाही माहीत असतं. गायी-म्हशींना लाळ्या-खुरकताची लस असते, तिच्या तारखाही लक्षात असतात. पण मासा? हातातून सुळकन निसटणारा, एका तळ्यात हजारोंनी असणारा, पाण्याबाहेर काढला तर जिवावर बेतणारा मासा? त्याला सुई टोचायची तरी कुठे आणि कशाला? आणि तरी आज एकट्या नॉर्वेत दरवर्षी कित्येक कोटी माशांना, एकेकाला वेगळं धरून, लस टोचली जाते. हे कसं घडलं, कुणासाठी घडलं आणि आपल्या रोहू-कटल्यापर्यंत ते अजून का पोचलं नाही, हा आजचा विषय. मी इतिहासाचा माणूस आहे, माशांचा डॉक्टर नाही. तेव्हा औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका, गोष्ट मात्र ऐका.

आधी एक जुनी तारीख सांगतो. १४ जून १८०२. मुंबईत ऍना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरची गोवीच्या देवीची लस टोचली गेली, आणि भारतात लसीकरण सुरू झालं. पण त्याच्या आधीही आपल्याकडे देवीपासून बचावाची एक पद्धत होतीच. बंगालात टीकेदार गावोगाव फिरायचे. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला द्रव जपून ठेवायचा आणि निरोगी मुलाच्या दंडावर बारीक ओरखडा काढून तो तिथे लावायचा. मुलाला सौम्य देवी यायची आणि मग आयुष्यभर भीती नाही. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ मध्ये याचं सविस्तर वर्णन लंडनच्या वैद्यांसाठी छापलं. म्हणजे दोन वाटा झाल्या. एक टीकेदाराची: खराच रोग, पण आपल्या सोयीच्या वेळी आणि थोडासाच द्यायचा. दुसरी लसवाल्याची: रोगाचं मेलेलं किंवा कमजोर केलेलं रूप द्यायचं. या दोन्ही वाटा लक्षात ठेवा, कारण माशांच्या बाबतीत त्या पुन्हा दिसणार आहेत, आणि त्यातली पहिली तर थेट विसाव्या शतकाच्या शेवटी.

माशाचं शरीर लसीला उत्तर देतं का? देतं. माशाला हाडातला मगज नाही, आपल्यासारख्या लसिका-गाठी नाहीत, पण प्लीहा आहे, थायमस आहे, आणि डोक्याच्या मागे असलेला मूत्रपिंडाचा पुढचा भाग रक्तपेशी बनवायचं काम करतो. प्रतिपिंडं तयार होतात. फरक इतकाच की मासा थंड रक्ताचा. पाणी गार असलं तर प्रतिकारही सावकाश चालतो. म्हणून सॅमनवाले दिवस मोजत नाहीत, अंश-दिवस मोजतात. पाण्याचं तापमान गुणिले दिवस. लस टोचल्यावर साधारण पाचशे अंश-दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे दहा अंशांच्या पाण्यात पन्नास दिवस. (आणि हा सॅमन म्हणजे आपला रावस नव्हे बरं का. इंग्रजीत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात म्हणून हॉटेलांत घोटाळा होतो. दोघांचं दूरचंही नातं नाही.)

जीवाणूंचा रोग असेल तर पाण्यात किंवा खाद्यात प्रतिजैविक टाकता येतं. टाकू नये इतकं टाकलं जातं, तो भाग वेगळा. विषाणूवर मात्र असं औषध नाही. तळ्यात विषाणू शिरला की मालकाच्या हातात तीनच गोष्टी राहतात: मेलेले मासे काढणं, तळं कोरडं करणं, आणि पुढच्या वेळी तो येऊ नये म्हणून धडपडणं. त्यामुळे विषाणूरोगात लसीला जे मोल आहे ते जीवाणूरोगातल्या लसीपेक्षा जास्त. गंमत अशी, की तीच करायला अवघड. माशांसाठी पहिली परवाना मिळालेली लस अमेरिकेत १९७६ मध्ये आली, ती ट्राउटच्या जीवाणूरोगावर होती. जीवाणू बाटलीत रश्श्यावर वाढतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, आणि माशाच्या पेशी शरीराबाहेर वर्षानुवर्षं जगवणं १९६० पर्यंत कुणाला नीट जमलेलंच नव्हतं. ते जमवलं अमेरिकेतल्या केन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ट्राउटच्या जननग्रंथीतून काढलेल्या पेशींची त्यांची मालिका १९६२ मध्ये जाहीर झाली. तिच्या वंशातल्या पेशी अजून प्रयोगशाळांत वाढतात. तिच्याविना पुढचं फारसं काही घडलं नसतं.

आता युरोपात चला, पण सॅमनकडे नाही. कार्पकडे. मध्य युरोपात कार्प म्हणजे आपल्याकडे ज्याला सायप्रिनस म्हणतात तो मासा. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, त्रेबोन्या गावाभोवती सोळाव्या शतकात खोदलेली तळी आजही वापरात आहेत. त्यातलं रोझम्बेर्क तळं १५९० मध्ये पुरं झालं. नाताळच्या आदल्या रात्री तिथे घरोघर कार्पच लागतो. या कार्पना वसंतात एक रोग व्हायचा. पोट पाण्याने फुगायचं, डोळे बाहेर यायचे, कातडीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. जर्मन मत्स्यवैद्य शेपरक्लाउस यांनी १९३० च्या सुमारास त्याचं खापर एका जीवाणूवर फोडलं, आणि पोलंडमध्ये स्नीस्को यांनी १९३८ मध्ये त्याच जीवाणूविरुद्ध कार्पना लस देऊन पाहिली. माशांच्या लसीकरणाच्या इतिहासात तो अगदी आरंभीचा प्रयोग मानतात.

पण त्या एका नावाखाली दोन रोग लपलेले होते. १९७१ मध्ये युगोस्लाव्हियात झाग्रेबच्या फियान यांनी दाखवून दिलं की वसंतातली ती तडकाफडकी मारणारी साथ एका विषाणूची आहे. हिवाळाभर उपाशी राहिलेला मासा, पाणी दहा-पंधरा अंशांवर येतं तेव्हा विषाणू जागा होतो आणि माशाची प्रतिकारशक्ती मात्र अजून गारठलेली असते. हे कळल्यावर दहा-बारा वर्षांत चेकोस्लोव्हाकियातल्या बिओवेता या कारखान्याने दोन प्रकारचे मारलेले विषाणू तेलात घुसळून पोटात टोचायची लस बाजारात आणली. साल १९८२. माशांच्या विषाणूरोगावरची ही पहिली कारखान्यात बनलेली लस. आज तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, कारण मत्स्यलसींचा इतिहास लिहितात ते बहुतेक सॅमनवाले.

मला मात्र या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग त्याच्याही आधीचा वाटतो, आणि तो चीनमधला आहे. इथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

ग्रास कार्प तुम्हाला माहीत असेल. महाराष्ट्रात मत्स्यविभागाच्या कागदांत त्याला गवत्या म्हणतात आणि सिल्व्हर कार्पला चंदेरा. दोन्ही मूळचे चीनचे. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो, भरपूर खातो आणि त्यातलं निम्मं अर्धवट पचवून तळ्यात सोडतो. त्या खतावर पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढते, ती चंदेरा खातो. चिनी मत्स्यशेतकऱ्यांत म्हण आहे की एक गवत्या तीन चंदेरे पोसतो. म्हणजे गवत्या हा तळ्यातला नुसता एक मासा नाही, तो तळ्याचा बैल आहे. तो मेला की बाकीच्यांचं खाणंही बंद.

पूर्वी या माशांचं बी यांगत्से आणि पर्ल नद्यांतून धरून आणायचे. १९५८ मध्ये झोंग लिन यांनी पर्ल नदीच्या प्रदेशात चंदेऱ्याच्या जातीच्या माशांना संप्रेरक टोचून तळ्यात अंडी द्यायला लावलं, आणि मागोमाग गवत्याचंही जमलं. आपल्याकडे हेच काम हिरालाल चौधरी यांनी ओडिशात एक वर्ष आधी, १० जुलै १९५७ ला केलं होतं. रोहू-मृगळाच्या जातभाईंवर. म्हणून १० जुलैला आपण मत्स्यशेतकरी दिन पाळतो. दोन्ही देशांत एकदम बीज मुबलक झालं, आणि चीनमध्ये तळी दाट भरली जाऊ लागली. १९५९ मध्ये गवत्या आपल्याकडे कटकला आला तोही या लाटेतच.

दाटीत रोग येणारच. १९७० च्या दशकाच्या आरंभी चीनच्या मध्य आणि दक्षिण प्रांतांत पहिल्या वर्षाची गवत्याची पोरं उन्हाळ्यात पटापट मरू लागली. बोटभर लांबीचे, ऐन वाढीला लागलेले मासे. कुणाचे पर आणि कल्ल्यांची झाकणं लाल, कुणाची खवल्यांखालची सगळी मांसपेशी रक्ताने माखलेली, कुणाची आतडी लालभडक. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की साथ सुरू. एखाद्या तळ्यातली दहापैकी आठ पोरं गेली, असं सर्रास व्हायचं. शेतकऱ्यांना वाटलं आतड्याचा नेहमीचा रोग. त्याची औषधं दिली, उपयोग शून्य.

आणि मग तिथल्या संशोधकांनी आणि तळ्यावरच्या लोकांनी मिळून जे केलं त्याला चिनी भाषेत सरळ 'गावठी लस' अशा अर्थाचं नाव आहे. रोगाची सगळी लक्षणं असलेले मासे निवडायचे. त्यांचं यकृत, प्लीहा, मूत्रपिंड काढून खलात वाटायचं. त्यात सुमारे दहापट मिठाचं पाणी घालायचं, फडक्यातून गाळायचं, जीवाणू मारायला प्रतिजैविक घालायचं. मग थोडं फॉर्मलिन टाकून साधारण बत्तीस अंशांवर तीन दिवस ठेवायचं, म्हणजे आतला विषाणू मरतो, पण त्याचं रूप शाबूत राहतं. आधी थोड्या माशांना टोचून बघायचं. ते जगले तर बाकीच्यांना. अर्धा मिलीलीटरच्या आत डोस, पराच्या बुडाशी.

हा काढा टोचला जाऊ लागला तेव्हा त्या विषाणूचा चेहरा कुणी नीट पाहिलेलाही नव्हता. वूहानच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं स्वरूप ठरवून तो कुठल्या कुळातला हे सांगितलं ते १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत. म्हणजे जेन्नरसारखंच. शत्रू कोण ते ठाऊक नाही, पण त्याला ओळखायला शरीराला शिकवता येतं एवढं ठाऊक.

याचं कौतुक करताना धोकाही सांगायला हवा. फॉर्मलिन कमी पडलं की तुम्ही लस नाही, रोगच टोचता. प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी. शिवाय लस करायची तर दरवर्षी आजारी मासे हवेत, म्हणजे साथ येईपर्यंत लस नाही. म्हणूनच पुढे पेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूची लस तयार झाली आणि १९९२ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. माशांच्या लसीला चीनमध्ये मिळालेली ती पहिली अशी मान्यता. त्यानंतर ग्वांगझोच्या पर्ल नदी मत्स्यसंशोधन संस्थेने कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची लस केली, ती २०११ च्या सुमारास परवान्यासह आली. आणि तोवर कळलं होतं की या विषाणूचे निदान तीन प्रकार आहेत. तळ्यांत आज जास्त दिसतो तो दुसरा प्रकार, आणि पहिल्या प्रकाराची लस त्याच्यावर नीट चालत नाही. फ्लूची लस दरवर्षी का बदलते हे ज्यांना माहीत आहे त्यांना इथे नवल वाटणार नाही.

मला या कहाणीत सगळ्यांत बोलकं काय वाटतं, तर माशाची किंमत. गवत्या हा चीनमध्ये मेजवानीचा मासा नाही. तो रोजच्या जेवणातला, बाजारातला स्वस्त मासा. २०२० मध्ये जगात शेतीतून निघालेला गवत्या सुमारे ५८ लाख टन होता, जगातल्या कुठल्याही पाळीव माशापेक्षा जास्त. अटलांटिक सॅमन त्याच्या निम्म्याहून कमी, सुमारे २७ लाख टन. तरी मत्स्यलसींवरचं पुस्तक उघडा, पानांमागून पानं सॅमनची. याचं कारण उघड आहे. लस तिथे जन्मते जिथे एका माशाच्या किमतीत एका टोचणीचा खर्च बुडून जातो. रोगात मासे किती मरतात याचा तिच्याशी संबंध दुसऱ्या नंबरचा. गवत्या हा त्या नियमाला ठळक अपवाद. माझं वाचन असं, की तो अपवाद शक्य झाला कारण त्या काळात चीनमध्ये कम्यून होती. हात भरपूर होते, तळी सामूहिक होती, आणि एका तळ्यावर वाटलेला काढा शेजारच्या दहा तळ्यांवर नेण्यात कुणाचा नफा अडकलेला नव्हता. त्या व्यवस्थेने माणसांचे जे हाल केले ते विसरून मी हे म्हणत नाही. पण स्वस्त माशाला लस मिळाली ती या व्यवस्थेत, हेही खरंच आहे.

आता टीकेदाराकडे परत येऊ. १९९८ मध्ये इस्राएलच्या किनारपट्टीवरच्या तळ्यांत कार्प आणि शोभेचे कोई मासे मरू लागले. कल्ले सडायचे, आठवड्याभरात तळं रिकामं. रोगाचा विषाणू नागिणीच्या विषाणूच्या दूरच्या कुळातला निघाला. पुढे तो इंडोनेशियात गेला, जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात २००३ मध्ये त्याने हाहाकार केला. पण एक गोष्ट लवकर लक्षात आली होती. हा विषाणू साधारण अठरा ते अठ्ठावीस अंशांच्या मधेच मारतो. पाणी तीस अंशांवर गेलं की त्याची वाढ थांबते. इस्राएली मत्स्यशेतकऱ्यांनी मग काय केलं? निरोगी पोरं तीन-चार दिवस आजारी माशांच्या सोबत, बावीस-तेवीस अंशांच्या पाण्यात ठेवली, म्हणजे लागण व्हावी. आणि लगेच उचलून महिनाभर तीस अंशांच्या तळ्यात सोडली. लागण झाली, रोग मात्र पुढे सरकला नाही. जगली ती पोरं पक्की झाली. हे टीकेदाराचंच काम, दंडावरच्या ओरखड्याऐवजी तापमान वापरून.

दोष तेच, जे बंगालात होते. काही मासे मरतातच, आणि वाचलेले अंगात विषाणू घेऊन फिरतात, दुसऱ्याला देऊ शकतात. म्हणून नंतर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मंडळींनी विषाणू पेशींवर पुनःपुन्हा वाढवत कमजोर केला आणि त्याची जिवंत लस तिथे वापरात आली. जिवंत असल्यामुळे ती पाण्यातून देता येते, एकेकाला टोचायला नको. पण ती पुन्हा उग्र झाली तर, या भीतीने बऱ्याच देशांनी तिला दार उघडलं नाही.

जाता जाता एक सांगतो. या विषाणूची बाधा झालेल्या कार्पला कमी-जास्त तापमानाच्या कप्प्यांची टाकी दिली, तर तो आपण होऊन गरम कप्प्यात जाऊन राहतो आणि वाचतो. २०१७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. थंड रक्ताच्या प्राण्याला ताप येत नाही, म्हणून तो ताप शोधायला जातो. शेतकऱ्यांनी तळी बदलून जे केलं ते मासा, जागा मिळाली तर, स्वतःच करतो.

सॅमनबद्दल थोडक्यात, कारण ती कहाणी इतरत्र भरपूर सांगितली गेली आहे. १९८७ मध्ये नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविकं वापरली गेली. तेलातल्या टोचायच्या लसी आल्या आणि दहा वर्षांत हा आकडा टनाच्या आसपास आला. उत्पादन त्यानंतर दहा लाख टनांच्या पुढे गेलं, तरी आकडा वर आलेला नाही. हे यश मात्र जीवाणूंवरचं. त्यासाठी मासे गुंगीच्या पाण्यात टाकून एकेकाला पोटात टोचतात, आधी माणसं टोचायची, आता यंत्रं. तेलामुळे माशाची आतडी पोटाच्या भिंतीला चिकटतात. ती किती चिकटली हे मोजायला शून्य ते सहा अशी मोजपट्टीच आहे. ती सोसूनही हिशोब परवडतो, कारण मासा चार-पाच किलोचा होऊन जपानपर्यंत महाग विकला जातो.

विषाणूंनी मात्र सॅमनवाल्यांनाही सोडलं नाही. २००७ मध्ये चिलीत रक्तक्षय करणारा विषाणू शिरला आणि अटलांटिक सॅमनचं उत्पादन पावणेचार लाख टनांवरून २०१० पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास कोसळलं. लहान माशांचं स्वादुपिंड खाणारा दुसरा विषाणू नॉर्वेला वर्षानुवर्षं पिडत होता. त्याच्यावर १९९५ पासून जनुकीय तंत्राने केलेली लस होती, पण तिने साथ आटोक्यात आली नाही. २००८-०९ च्या सुमारास स्कॉटलंड आणि नॉर्वेत आढळलं की या रोगाचा प्रतिकार बव्हंशी गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर ठरतो. तो तुकडा असलेले आईबाप निवडून अंडी विकायला लागले. २००९ मध्ये नॉर्वेत दोनशेवर ठिकाणी हा रोग होता, २०१५ मध्ये तिसाच्या आसपास. लसीने जे झालं नाही ते निवड-पैदाशीने झालं. लसीच्या गोष्टीत हे सांगायला नको वाटतं, पण सांगायला हवं.

आणखी एक. २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडसची कोरोनावरची डीएनए लस मंजूर झाली, माणसासाठी जगातली पहिली, म्हणून आपण अभिमानाने बातम्या वाचल्या. वाजवीच होतं. पण कॅनडात सॅमनच्या एका विषाणूरोगावर डीएनए लस २००५ सालीच परवान्यासह वापरात होती. सोळा वर्षं आधी.

आता आपल्याकडे या. मत्स्यशेतीत भारत जगात दुसरा. एकट्या कटल्याचं २०२० मधलं जागतिक उत्पादन सुमारे ३५ लाख टन, म्हणजे सॅमनहून जास्त, आणि कटला म्हणजे मुख्यतः भारत आणि शेजारी. रोहू-कटल्याला विषाणूंनी आजवर तुलनेने मोकळं सोडलं आहे. त्यांचे त्रास जीवाणूंचे आणि अंगावर बसणाऱ्या माशांच्या उवांचे. पण बाकीच्यांचं तसं नाही. तिलापियाचा विषाणू, म्हणजे उजनीवर ज्याला चिलापी म्हणतात त्या माशाचा, इस्राएलमध्ये २०१४ मध्ये ओळखला गेला आणि २०१८ पर्यंत पश्चिम बंगाल आणि केरळातून त्याची नोंद झाली. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने १९९० च्या दशकात आंध्रच्या किनाऱ्यावर काय केलं ते नेल्लोरकडचे जुने लोक सांगतील. कोळंबीला मात्र लस हा उपाय नाही, कारण तिच्या शरीरात प्रतिपिंडंच बनत नाहीत.

आणि जिताडा. रायगडच्या खारजमिनीतल्या तळ्यांचा लाडका मासा, पाहुण्यासाठी राखून ठेवायचा. त्याच्या पिल्लांना एक विषाणू मेंदूत आणि डोळ्यांत धरतो. पिल्लू आंधळं होतं, गोल गोल फिरत राहतं, आणि बीजकेंद्रातली टाकीच्या टाकी रिकामी होते. विषाणू आईकडून अंड्यातून येतो, आणि इतक्या कोवळ्या पिल्लाचं शरीर लसीला उत्तर द्यायला तयारच नसतं. म्हणून आईला टोचायचं आणि पिल्लू थोडं मोठं झालं की त्याला. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने यासाठी नोडावॅक-आर नावाची लस तयार केली आहे, आणि ती व्यापारी प्रमाणावर बनवण्यासाठी हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने संस्थेशी हात मिळवला आहे. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसोबत आणि भुवनेश्वरच्या गोड्या पाण्याच्या संस्थेसोबतही त्यांचं काम चालू आहे, पण ते जीवाणूरोगांवर.

बघा, विषाणूवरची पहिली लस आली ती जिताड्याला. महागाचा मासा. नियम इथेही तोच. मला याची तक्रार करायची नाही, कुठून तरी सुरुवात व्हायचीच. पण रोहूला एखाद्या वर्षी गवत्यासारखा विषाणू गाठला, तर आपण काय करणार, हे आत्ता ठरवायला हवं. भुवनेश्वरच्या संस्थेने नॉर्वेच्या मदतीने निवडून पैदास केलेला जयंती रोहू १९९७ पासून आपल्याकडे आहे. निवड-पैदाशीची वाट अशी तयार आहे, आणि ती रोगांसाठी वापरण्याचं कामही तिथे झालेलं आहे. टोचण्याच्या वाटेवर नेहमीचं उत्तर मिळतं की एवढ्याएवढ्या बोटुकलीला कोण टोचणार, मजुरी कोण देणार. शेततळ्यात शे-दोनशे बोटुकल्या सोडणाऱ्याच्या बाबतीत ते पटतं.

आंध्रात कोल्लेरूच्या आसपास मात्र चित्र वेगळं आहे. तिथले शेतकरी बोटुकली थेट तळ्यात सोडत नाहीत. ती वर्षभर दाटीत, कमी खाण्यावर मुद्दाम खुंटवून ठेवतात आणि शंभर ग्रॅमच्या पुढे गेलेला मासा मग मोठ्या तळ्यात हलवतात. हलवताना जाळं ओढतात, मासे मोजतात, गाडीत भरतात. त्या दिवशी प्रत्येक मासा एकदा तरी माणसांच्या हातांखालून जातोच. आणि तोवर तो सुई सोसण्याएवढा मोठा झालेला असतो.